मुंबई ते न्यूयॉर्क : अंतराचे चार आकडे आणि जाण्या-येण्याचा निराळा वेळ

प्रश्न : चरईकर, ठाणे

सर्वांना नमस्कार. मी ठाण्यात चरईत राहतो. सहकारी बँकेतून निवृत्त होऊन सहा वर्षे झाली. मुलगी आणि जावई न्यू जर्सीत असतात. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे जाणार असून एप्रिलच्या मध्यास परतणार आहोत. परदेशी जाण्याची ही आमची पहिलीच वेळ आहे. सारे आयुष्य आकडे जुळवण्यात गेल्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी या प्रवासाचेही आकडे जुळवून पाहावेत असे वाटले, आणि तिथेच अडलो.

नातू आठवीत आहे. त्याच्या खोलीतल्या जगाच्या नकाशावर आम्ही दोघांनी मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरला, पट्टीवर मोजला आणि नकाशाच्या तळाशी छापलेल्या प्रमाणाने गुणला, तेव्हा उत्तर साडेसोळा हजार किलोमीटरांच्या घरात आले. इंटरनेटवर एका ठिकाणी १२,५५० असा आकडा मिळतो, दुसऱ्या ठिकाणी ७,८०० आणि तिसऱ्या ठिकाणी ६,७७६. एकाच खात्यावर चार शिल्लक रकमा दाखवणाऱ्या कारकुनाला आमच्या वेळी दुसऱ्या दिवशी टेबलावर बसू दिले नसते.

दुसरी अडचण वेळेची आहे. आम्ही पाहिलेले थेट विमान मुंबईहून रात्री दीड वाजता निघते आणि त्याच दिवशी सकाळी सव्वासात वाजता न्यूयॉर्कला पोहोचते. परतीचे विमान सकाळी साडेअकराला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर साडेअकराला मुंबईला उतरते. माझे मेहुणे यावरून असा निष्कर्ष काढतात की जाताना पावणेसहा तास लागतात आणि येताना चोवीस, आणि ते इतक्या ठामपणे सांगतात की घरात दोन दिवस त्यावर कोणी काही बोलले नाही. जावयांनी मात्र फोनवर जाताना सव्वासोळा तास आणि येताना साडेचौदा तास असे सांगितले. त्यांचेच म्हणणे बरोबर असणार, हे कळते. पण शहरे तीच, विमानही त्याच जातीचे, मग मधले पावणेदोन तास कुठे जातात?

शेवटचा प्रश्न आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. सौ.च्या गुडघ्यांचा त्रास पाहता सोळा तास एका जागी बसणे कठीण जाईल असे वाटते. मध्ये कुठे थांबा घेतला तर अंतर आणि वेळ नेमके किती वाढतील? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.


उत्तर : पारसिक

काका, वेळेच्या फरकाचे कारण सोपे आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. आपण पूर्वेकडे उडत असलो की पृथ्वीच्या फिरण्याची मदत मिळते, आणि पश्चिमेकडे उडत असलो की ती आपल्या विरुद्ध जाते. म्हणून अमेरिकेहून येताना वेळ कमी लागतो. शाळेत आम्हाला असेच शिकवले होते.


उत्तर : ऐरोलीकर

वेळेविषयी अधिक माहितीचे कोणी लिहीलच. मी तीस वर्षे भूमापनाच्या कामात काढली असल्यामुळे अंतराविषयीच लिहितो.

चारांपैकी तीन आकड्यांचा हिशेब लगेच उरकता येतो. १२,५५० हे किलोमीटर आहेत, ७,८०० हे आपल्या ओळखीचे मैल आहेत आणि ६,७७६ हे सागरी मैल आहेत. अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग पृथ्वीच्या पृष्ठभागावर जेवढा भरतो, त्यावरून सागरी मैल आला. १९२९ साली तो १.८५२ किलोमीटर असा ठरवण्यात आला आणि जहाजांप्रमाणेच विमानांचाही कारभार आजवर त्यातच चालतो. तेव्हा हे तीनही आकडे एकाच अंतराचे आहेत आणि कारकून निर्दोष आहे.

चूक निघते ती दोऱ्यात, आणि तीही एक नव्हे, दोन. पहिली चूक प्रमाणाची. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा असतो. मुंबईच्या अक्षांशावर तो १०५ किलोमीटरांवर येतो, न्यूयॉर्कच्या अक्षांशावर साडेचौऱ्याऐंशीच्या आसपास, आणि साठ अक्षांशावर तर निम्माच, म्हणजे पंचावन्न-छप्पन्न किलोमीटर उरतो, कारण सगळे रेखांश ध्रुवाकडे जाता जाता एकमेकांजवळ येत जातात. भिंतीवरच्या चौकोनी नकाशात मात्र ते शेवटपर्यंत समांतर उभे असतात, त्यामुळे नकाशाच्या तळाशी छापलेले प्रमाण विषुववृत्तापुरतेच खरे असते. आपण मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंतचे १४६ अंशांहून अधिक रेखांतर विषुववृत्ताच्या भावाने मोजले, म्हणून साडेसोळा हजार आले. नकाशावरच्या त्या सरळ रेषेवरून, म्हणजे होकायंत्राचा एकच कोन धरून, कोणी खरोखर उडत गेले तर त्याला सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील. हा आकडा मी आत्ताच गणित करून काढला आहे.

दुसरी चूक अधिक गमतीची आहे. ती १४,२०० किलोमीटरांची रेषासुद्धा सर्वांत जवळची वाट नव्हे. गोलावरच्या दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्तावरून जाते. गोलाचे बरोबर दोन सारखे भाग करणारे जे वर्तुळ त्या दोन ठिकाणांतून जाईल, ते बृहद्वृत्त. उत्तरेकडे रेखांश जवळ येत असतील, तर आधी उत्तरेकडे चढायचे, आडवे अंतर तिथे स्वस्तात कापायचे आणि मग खाली उतरायचे, हेच फायद्याचे ठरते. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामधून जाणारे बृहद्वृत्त मुंबईतून उत्तर-वायव्येला निघते, मध्य आशिया आणि रशिया ओलांडते, नॉर्वे सोडून समुद्रावर येते आणि आइसलँडच्या थोडे पूर्वेला ६४ अंशांच्याही वर, म्हणजे उत्तर ध्रुववृत्तापासून दोनच अंश अलीकडे, आपल्या सर्वोच्च बिंदूला पोहोचते. तिथून ते ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला चाटून कॅनडात उतरते. नकाशावर हा मार्ग एखाद्या मोठ्या कमानीसारखा दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटते की वैमानिक वाट चुकला. विमानातल्या पडद्यावर ग्रीनलँड दिसू लागले की शेजारचा प्रवासी हमखास तसे म्हणतो. तेव्हा आपण त्याला समजावून सांगू शकाल.

नातवाला शब्दांनी पटणार नाही. शाळेतून पृथ्वीचा गोल मागून घ्यावा. गोलाचा व्यास तीस सेंटीमीटर असेल, तर त्यावरचा एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. तोच दोरा दोन शहरांवर धरून घट्ट ताणावा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत आखूड वाट शोधतो, कोणी त्याला भूमिती शिकवावी लागत नाही. तो किती भरतो आणि कुठून जातो, हे येथे अवश्य कळवावे.


उत्तर : नेरूळकर

ऐरोलीकरांनी अंतराचा प्रश्न निकालात काढला आहे. मी अनेक वर्षे विमानांच्या मार्गनियोजनाचे काम केले. विमान सुटण्याआधी त्या दिवशीचा मार्ग, इंधन आणि वेळ ठरवून वैमानिकाच्या हाती कागद देणारी जी माणसे असतात, त्यांपैकी मी एक होतो. म्हणून वेळेविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम पारसिक यांच्या उत्तराबद्दल. हे स्पष्टीकरण पुष्कळ ठिकाणी ऐकू येते, पण ते बरोबर नाही. पृथ्वी फिरते तेव्हा तिच्यावरची हवाही तिच्याबरोबर फिरते, आणि विमान त्या हवेत असते. ठाण्याच्या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकत असतो. हवा मागे राहत असती, तर तलावपाळीवर हेलिकॉप्टर दहा मिनिटे एका जागी धरून ठेवणाऱ्याला खाली पाहताच मासुंदा तलावाऐवजी अरबी समुद्र दिसला असता, तोही किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटर आत. तसे होत नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा या प्रकरणात हात आहे, पण तो आडून आहे. विषुववृत्ताकडची हवा तापलेली आणि ध्रुवाकडची थंड, या फरकामुळे उंचावरची हवा ध्रुवाकडे वाहू लागते आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे पूर्वेकडे वळते. त्यातून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद आणि अतिशय वेगवान वारे तयार होतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, मराठीत झोतवारे. विमानेही नेमकी त्याच उंचीवर उडतात.

हे वारे ताशी दीडशे किलोमीटरांचे असणे नेहमीचेच, आणि हिवाळ्यात ध्रुव व विषुववृत्त यांच्या तापमानांतील फरक वाढला की ते तीनशेच्या पलीकडेही जातात. ते पद्धतशीरपणे मोजणारा पहिला माणूस वासाबुरो ओइशी हा जपानी हवामानशास्त्रज्ञ. १९२०च्या दशकात त्याने फुगे सोडून या वाऱ्यांचा वेग टिपला. मात्र आपला अहवाल त्याने एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला, कारण ती जगाची भाषा होईल अशी त्याची अपेक्षा होती, आणि त्यामुळे तो जगात फारसा कोणी वाचलाच नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात फार उंचावरून जपानवर जाणाऱ्या अमेरिकी विमानांना हे वारे प्रत्यक्षच भेटले. त्यांच्या जोराचा अलीकडचा नमुना २०२०च्या फेब्रुवारीतला आहे. अटलांटिकवर वादळ असताना न्यूयॉर्कहून निघालेले एक प्रवासी विमान पाठीवर वारा घेऊन ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचले. एरवी त्याच प्रवासाला सहा तासांहून अधिक लागतात.

आता चरईकर काकांचे पावणेदोन तास. उदाहरणादाखल असे धरू की हवेच्या तुलनेत विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर आहे आणि प्रत्यक्ष मार्ग १३,००० किलोमीटरांचा आहे. प्रत्यक्ष मार्ग बृहद्वृत्तापेक्षा नेहमीच काहीसा लांब पडतो, त्याची कारणे पुढे देतो. सर्व मार्गाची सरासरी धरून जाताना समोरून ताशी ५० किलोमीटरांचा वारा असेल, तर जमिनीच्या तुलनेत वेग ८५० उरतो आणि १५ तास १८ मिनिटे लागतात. येताना तोच वारा पाठीमागून असेल, तर वेग ९५० होतो आणि १३ तास ४१ मिनिटे पुरतात. एवढ्याशा वाऱ्यानेच दीड तासापेक्षा जास्त फरक पडला. बँकेतल्या माणसाला आणखी एक गोष्ट रुचेल : जातानाचा तोटा आणि येतानाचा फायदा यांची बेरीज शून्य होत नाही. वारा मुळीच नसता तर जाऊन-येऊन २८ तास ५३ मिनिटे लागली असती, वाऱ्यासह २८ तास ५९ मिनिटे लागतात. समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकून राहतो, म्हणून तेवढी सहा मिनिटे वारा दलाली म्हणून ठेवून घेतो.

तिकिटावरचे सव्वासोळा तास हे निव्वळ उड्डाणाचे नसतात. विमान दारापासून ढकलून मागे घेतले गेले, तेव्हापासून पलीकडच्या दाराशी थांबेपर्यंतचा हा वेळ असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या वेळी विमाने रांगेत उभी राहतात. न्यूयॉर्कलाही रांग काही छोटी नसते. दोन्हीकडची मिळून अर्धा-पाऊण तासाची तजवीज वेळापत्रकात केलेली असते. वारा अनुकूल निघाला की हीच तजवीज उरते, आणि मग विमान वेळेआधी उतरले म्हणून प्रवासी वैमानिकाचे कौतुक करतात.

प्रत्यक्ष मार्ग लांब का पडतो, याचे एक कारण वारा हेच आहे. नियोजक सर्वांत आखूड वाट शोधत नाही, तो सर्वांत कमी वेळेची आणि इंधनाची वाट शोधतो. अटलांटिकवर तर गँडर आणि शॅनविक ही दोन नियंत्रण केंद्रे वाऱ्याचा अंदाज पाहून दररोज नवे मार्ग आखून देतात. याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण आपल्याकडचेच आहे. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को ही एअर इंडियाची थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली, तेव्हा विमान युरोप आणि अटलांटिकवरून जात असे. ऑक्टोबर २०१६ पासून ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून, पूर्वेकडे नेण्यात आले. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरांचा, म्हणजे आधीच्या मार्गापेक्षा जवळपास १,४०० किलोमीटर जास्त होता, तरीही वारा पाठीशी असल्यामुळे वेळ कमी लागू लागला. जास्त अंतर आणि कमी वेळ हे ज्यांना विसंगत वाटते, त्यांनी हा मार्ग लक्षात ठेवावा.

दुसरे कारण देशांच्या हवाई हद्दी. पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपली हवाई हद्द भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना बंद ठेवली होती, आणि २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंद केली. अशा वेळी दिल्लीच्या विमानाला मोठा हेलपाटा पडतो, मुंबईच्या विमानाला तुलनेने कमी, कारण आपल्याला अरबी समुद्र जवळ आहे आणि त्यावरून आखाताकडे वळता येते. रशियाने २०२२ पासून युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना आपली हद्द बंद केली आहे, भारतीय कंपन्यांना नाही. परिणामी त्याच दोन शहरांमधला वेळ विमान कोणत्या देशाचे आहे यावरही अवलंबून राहतो. ऐरोलीकरांचे बृहद्वृत्त ही भूमिती आहे, प्रत्यक्षात त्यावरून उडणे दर दिवशी शक्य असतेच असे नाही.

तिसरे कारण थोडक्यात सांगतो. दोन इंजिनांच्या विमानाला, एक इंजिन बंद पडल्यास ठरलेल्या वेळात एखाद्या विमानतळावर पोहोचता येईल, एवढ्या टप्प्यातच राहावे लागते. हा नियम कागदावरचा नाही. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एक विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान येथे उतरवण्यात आले, आणि प्रवाशांना दुसरे विमान येईपर्यंत तिथे मुक्काम करावा लागला.


चरईकर, ठाणे

आपणा दोघांचे मनापासून आभार. घरात आता मेहुण्यांना काय सांगावे हा प्रश्न आहे. घड्याळाचा हिशेब मी स्वतः करून पाहिला, तो बरोबर आहे का ते कृपया तपासावे. मुंबईहून निघताना रात्रीचा दीड, त्यात सव्वासोळा तास मिळवले की भारतीय वेळेनुसार सायंकाळचे पावणेसहा होतात. फेब्रुवारीत न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, म्हणून तिथे सकाळचे सव्वासात. हे जुळते. परतीला मात्र साडेदहा तास धरले तर जुळत नाही. सकाळचे साडेअकरा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे दहा, त्यात साडेचौदा तास मिळवले की दुपारचे साडेबारा होतात. तिकिटावर साडेअकरा आहेत. एक तास जास्त कसा आला?


उत्तर : नेरूळकर

हिशेबाची रीत बरोबर आहे, मधल्या काळात घड्याळ बदलले आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. आपण जाताना फरक साडेदहा तासांचा आहे, एप्रिलमध्ये येताना तो साडेनऊ तासांचा असेल. मुलीच्या घरी त्या मार्चच्या रविवारी सकाळी चहाला उशीर झाला असे वाटेल, तेव्हा आठवण ठेवावी.


उत्तर : सानपाडावासी

चरईकर काका, काकूंच्या गुडघ्यांविषयी वाचले म्हणून लिहिते. माझे मुलाकडे पाच वेळा जाणे झाले आहे : दोनदा थेट, दोनदा आखातातून आणि एकदा लंडनमार्गे. अंतराच्या दृष्टीने थांब्याचा बाऊ करण्याचे कारण नाही. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ५,५५०, मिळून १२,७५०, म्हणजे थेट अंतरापेक्षा जेमतेम दोनशे जास्त. दुबईमार्गे १,९३० आणि ११,०२०, मिळून १२,९५०. हेही चारशेच जास्त. हे आकडे पाहिले तेव्हा मलाही आश्चर्य वाटले होते. ऐरोलीकरांचे उत्तर वाचल्यावर कळले की ही शहरे त्या कमानीपासून फारशी दूर नाहीत.

बेरजेपेक्षा तुकडे कसे पडतात, हे पाहणे महत्त्वाचे आहे, आणि ते मला कोणी आधी सांगितले नव्हते. दुबईचा थांबा फार लवकर येतो. तीन-सव्वातीन तासांत तिथे उतरायचे, मध्यरात्री त्या लांबलचक इमारतीतून चालायचे, पुन्हा तपासणीच्या रांगेत उभे राहायचे, आणि त्यानंतर जवळपास चौदा तासांचा सलग टप्पा पुढे आहेच. म्हणजे पाय मोकळे करून मिळाले ते नको तेव्हा, आणि मुख्य बसणे फक्त दोन तासांनी कमी झाले. लंडनचा थांबा प्रवासाचे खऱ्या अर्थाने दोन भाग करतो : आधी साडेनऊ-दहा तास आणि मग आठ तास. गुडघ्यांसाठी थांबा घ्यायचा असेल तर तो मध्यावर येणारा घ्यावा, नाहीतर थेटच जावे. लंडनच्या थांब्यासाठी तिथल्या संक्रमण व्हिसाचे नियम मात्र तिकीट काढण्यापूर्वीच पाहून घ्यावेत.

वेळ वाढतो तो जमिनीवर. थांबा दोन तासांचा असेल तर जिवाला घोर, आणि सहा तासांचा असेल तर पाठीला. एकदा मला एका कंपनीने दीड तासाचा थांबा दिला होता. पहिले विमान धुक्यामुळे उशिरा पोहोचले, पुढचे निघून गेले, आणि मी एका खुर्चीवर अकरा तास काढले. तेव्हापासून मी तीन तासांपेक्षा कमी थांबा घेत नाही. एके काळी थांबे इंधनासाठी घ्यावेच लागत. एअर इंडियाचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघून कैरो आणि जिनिव्हा करत १० जूनला लंडनला पोहोचले होते. आता थांबा ही आपली निवड आहे, तेव्हा ती विचारपूर्वक करावी.

थेट जायचे ठरल्यास दोघांपैकी एक तरी आसन मार्गिकेलगतचे घ्यावे, दर तास-दीड तासाने काकूंना उठवून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत एक फेरी मारायला लावावी, आणि व्हीलचेअरची नोंद तिकीट काढतानाच करून ठेवावी. तिथे ऐन वेळी मागायला संकोच वाटतो आणि मिळायलाही वेळ लागतो. पायात घालायच्या घट्ट मोज्यांविषयी आणि औषधांच्या वेळा पुढे-मागे करण्याविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आणि एक गोष्ट, जिच्यापायी आमच्या नात्यातल्या एका जोडप्याचे विमान चुकले. रात्री दीडचे विमान २० तारखेचे असेल, तर घरातून १९ तारखेच्या रात्री निघायचे असते. ते २० तारखेला रात्री साग्रसंगीत निरोप घेऊन विमानतळावर गेले, तेव्हा त्यांचे विमान न्यूयॉर्कला उतरून चार-पाच तास झाले होते. चरईहून तीन हात नाका, आनंदनगर, मग जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता आणि मरोळ अशी वाट रात्री तासाभराची असली, तरी लग्नसराईत वेळेचा भरवसा नसतो. आणि तीन तास आधी पोहोचायचे असल्यामुळे साडेआठला घर सोडावे. मुलीच्या दारापर्यंतचा हिशेब केला, तर आपले सव्वासोळा तास सहज चोवीसाच्या घरात जातात.


उत्तर : नेरूळकर

ताईंनी जमिनीवरच्या वेळेचा विषय काढला म्हणून एक भर घालतो. नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि प्रवासी विमाने २५ डिसेंबरपासून सुरू झाली. तिथून न्यूयॉर्कचे अंतर सांताक्रूझहून मोजलेल्या अंतरापेक्षा विसेक किलोमीटरांनी जास्त भरेल, म्हणजे हवेत दीड मिनिटाचा फरक. आम्हा नेरूळ-सानपाड्याच्या लोकांना मात्र वाशीचा खाडीपूल आणि मानखुर्द वगळता आले, तर तासभर वाचेल. अंतर आणि वेळ यांचा संबंध किती सैल असतो, हे घराजवळच पाहायला मिळते.


पारसिक

माझी चूक मान्य आहे. तलावपाळीच्या हेलिकॉप्टरवर बराच वेळ विचार केला. एक शंका उरते : पाठीमागून तीनशेचा वारा असेल आणि विमान नऊशेने उडत असेल, तर जमिनीच्या मानाने ते बाराशेने जाते. मग ते ध्वनीचा वेग ओलांडते का?


उत्तर : ऐरोलीकर

नाही. ध्वनीचा वेगही भोवतालच्या हवेच्या तुलनेतच मोजायचा असतो, आणि त्या हवेत विमान नऊशेनेच चालले आहे. धावत्या लोकलच्या डब्यात आपण दारापर्यंत चालत गेलो, म्हणून आपण ताशी ऐंशी किलोमीटरने चाललो असे कोणी म्हणत नाही.


चरईकर, ठाणे

शेजारच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे तीस सेंटीमीटर व्यासाचा पृथ्वीचा गोल मिळाला. काल संध्याकाळी नातवाने दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरले, मी दुसरे न्यूयॉर्कवर, आणि ताणले. दोरा साडेएकोणतीस सेंटीमीटरांना किंचित कमी भरला, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर. तो खरोखरच आइसलँडजवळून गेला आणि ग्रीनलँडच्या टोकाशी समुद्रात उतरला. नातवाने मग ठाण्यापासून जगातल्या आणखी चौदा शहरांपर्यंत दोरे ताणले. त्यांपैकी सॅन फ्रान्सिस्कोचा दोरा सायबेरियावरून, जवळजवळ ध्रुवाच्या शेजारून गेला, तेव्हा त्याने आजीला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावले.

मेहुणेही आले होते. त्यांनी दोरा स्वतः दोनदा ताणून पाहिला आणि दोरा सैल असल्याचे सांगितले.

सौ.शी बोलून जाताना लंडनला चार तासांचा थांबा आणि येताना थेट विमान, असे ठरवले आहे. येताना वारा पाठीशी असेल, साडेचौदा तास निभावतील असे तिचेच म्हणणे पडले. जाण्याचे विमान पहाटे अडीचचे आहे. दिनदर्शिकेवर आदल्या रात्रीच्या चौकोनात लाल शाईने खूण करून ठेवली आहे.